बुडबुडा मध्ये येईना

लातूर, दि. २ डिसेंबर २०२४

चि. ग्यानोबास अनेक आशीर्वाद. ते उत्तम की मध्यम, हे तुझ्या उत्तरावर ठरेल.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. तुझ्या आक्काचे नाव निघाले की माझा आवाज शिस्त सोडतो. अक्षर अजून सोडत नाही, म्हणून हे पत्र.

करवत, रंधा आणि छिद्र पाडणे अशी तिन्ही कामे करणारे यंत्र मी घेतले आहे. तारामतीने आपल्या बालवाडीला वीस बुटकी डेस्के कबूल केली होती. ९ जानेवारीच्या तिच्या वर्षश्राद्धापूर्वी ती मी स्वहस्ते करणार आहे. एकतीस वर्षांच्या संसारात यांनी एक खिळा सरळ ठोकला नाही, असे ती माझ्यादेखत पाहुण्यांना सांगत असे. त्या विधानाचे खंडन करायचे राहून गेले आहे.

यंत्राचा सांगाडा मी पत्रकाबरहुकूम जोडला. दोन्ही कर्ण मोजले. केसाचाही फरक नाही. भूमितीचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे, एवढे येते. परंतु वरच्या टेबलावर पाणसळ ठेवली की तिच्यातला बुडबुडा मध्ये येईना. तेव्हा टेबल आणि सांगाडा यांच्यामध्ये एका बाजूस पत्र्याच्या चकत्या सारून मी तो मध्ये आणला. आता बुडबुडा मध्ये आहे आणि कापलेली प्रत्येक फळी तिरपी येते. तू पिढीजात सुतार आहेस, कारण कळव.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवून फोन करू नकोस.

तुझा,
आप्पासाहेब

मुखेड, दि. ७ डिसेंबर

ती. दाजींना शि. सा. न. नमस्कार लांबूनच, जवळ आलो तर माझाबी कर्ण मोजाल.

पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. माणसं काम सोडून हसून राहिली. दाजी, पातं बसलंय सांगाड्यावर, अन् टेबल तुमी सांगाड्यापासून उचललं. मग काटकोन कुठून यावा? सांगाडा तुमी लई झकास जोडला, हे मी लिहून देतो. वाकडी हाय ती फरशी.

तुमी स्वतः उभं राहून घातलेली. आक्का एकोणीस वर्षं सांगून राहिली होती, की पाणी सांडलं की कपाटाखाली पळतं. तुमचं म्हणणं, तिला पुसता येत न्हाई. चकत्या काढा अन् बुडबुड्याचा नाद सोडा. न्हाईतर वीसच्या वीस डेस्कं मी हितं करून टेम्पोत घालतो.

आमची कारभारीण उज्ज्वला विचारून राहिली, दाजी जेवतात का. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा मेव्हणा,
ग्यानोबा

लातूर, दि. १२ डिसेंबर

चि. ग्यानोबास आशीर्वाद, या खेपेस मोजके.

फरशी माझ्या देखरेखीखाली घातली गेली आहे. तीत दोष संभवत नाही. चकत्या काढणार नाही. टेम्पो पाठवू नयेस. चि. सौ. उज्ज्वलास सांगावे की मी जेवतो.

लोभाचे नंतर पाहू.

आप्पासाहेब

मुखेड, दि. १६ डिसेंबर

दाजी, शि. सा. न.

पाणसळ टेबलावरून उचला अन् नुसत्या फरशीवर ठेवा. तेवढं वाकायला तुमाला जड जाईल, ठाऊक हाय. पण जानेवारी येऊन राहिला.

रागावलात तरी तुमचाच,
ग्यानोबा

लातूर, दि. २३ डिसेंबर

चि. ग्यानोबास अनेक उत्तम आशीर्वाद. आज हातचा एकही राखलेला नाही.

तुझे पत्र दोन दिवस घडी घालून ठेवले. मग वाकलो. फरशीवर बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. पाणसळच बिघडली असावी म्हणून ती उलट फिरवून ठेवली. तो पुन्हा त्याच दिशेला. शेवटी फुलपात्रभर पाणी ओतले. ते वाटेत कुठेही न थांबता कपाटाखाली गेले.

चकत्या काढल्या. पात्याचा आणि टेबलाचा काटकोन जुळला, फळी सरळ निघाली. यंत्र सगळेच्या सगळे किंचित कललेले आहे. मीही तसाच कलून उभा राहतो. सहा डेस्के झाली. शेजारच्या चांदपाशांनी एकावर बसून पाहिले. डेस्क डुगडुगले नाही, चांदपाशा डुगडुगले.

फरशीच्या वादात तारामती बरोबर होती. ही कबुली लेखी देत आहे. तिच्या वतीने तू स्वीकार. दुकानात मोठ्याने वाचलीस तरी हरकत नाही. ती असती तर काही बोलली नसती, नुसती हसली असती, आणि मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला असता. आता अबोला तरी कोणाशी धरू?

वर्षश्राद्धाला उभयता या. लोभ असावा, असे आजवर सवयीने लिहीत आलो. आज मागतो आहे.

तुझा दाजी,
आप्पासाहेब