तवा मिळणार नाही

रविवार, १२ मार्च

प्रिय मेहुणीबाई,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही सगळे तिकडे बरे असालच. हेच वाक्य मी मागच्या पत्रांतही लिहिलं होतं, पण आजचं खरं आहे. का ते पुढे येईल. घाई करू नकोस, माझी गाडी नेहमी दुसऱ्या धक्क्याला सुरू होते.

आधी कामाचं. तुझी ताई तुला तुमच्या आईचा बिडाचा तवा पाठवतेय, असं मी कळवलं होतं. तू लगेच लिहिलंस, "भावजी, सूर्य कुठून उगवला? लग्न झाल्यापासून मागतेय, तर बया हात लावू देत नव्हती!" त्याला मी उत्तर दिलं नाही. उगाच पोस्टमनवर खापर फोडू नकोस. मलाच काय लिहावं सुचत नव्हतं.

तर तवा मिळणार नाही. रुसायच्या आधी ऐकून घे.

आज सकाळी मी ऑम्लेट करायला घेतलं. हस, हस. ताई छातीचं ऑपरेशन करून घरी आली तेव्हापासून स्वयंपाकघर माझ्या हाती आहे, म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. काहीही पुढे ठेवलं की ती दोन घास खायची, "छान झालंय" म्हणायची आणि ताट सरकवायची. अगं, जिने उभ्या जन्मात माझ्या चहाला बरं म्हटलं नाही, ती माझ्या करपलेल्या बटाट्यांना छान म्हणत होती! मी आयुष्यभर पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. कुरकुरणारी मोटार दुरुस्त होते. जी बटण दाबूनही गप्प राहते, तिची भीती वाटते.

डॉक्टर म्हणाले, "टाके भरलेत. आता त्यांनीच उठायला हवं." ती उठत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एकदा तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "तवा धाकटीला देऊन टाका. मी आहे तोवर दिलेला बरा."

आता तुला कळलं असेल, सूर्य कुठून उगवला ते.

मी तवा कागदात गुंडाळला, सुतळी बांधली आणि दाराशी ठेवला. तुझ्याकडे जाणारं कुणी भेटत नाही, असं तिला सांगत राहिलो. खरं म्हणजे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

तर आज. माझ्या नव्या हलक्या तव्याचा दांडा सकाळी माझ्या हातात आला आणि तवा जमिनीवर. अंडी फेटून तयार, कांदा चिरलेला. मी दाराशी गेलो, सुतळी कापली, म्हटलं एकदा वापरला तर धाकटीला काय कळतंय! तवा गॅसवर ठेवला, तेल सोडलं आणि लगेच अंडी ओतली.

आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो! तेल तापू द्या की!"

माझ्या हातून वाटीच सुटली. तिला तिथून काही दिसत नाही. चर्र आवाज आला नाही, नुसत्या तेवढ्यावर तिने ओळखलं.

"ओतली का? आता हलवू नका. कडा सुटू द्या."

"सुटत नाहीत," मी म्हटलं.

"उलथणं घालू नका म्हणते ना!"

मी ते घालून बसलो होतो. सगळं तव्याला चिकटलं, धूर झाला. मागे वळतो तर ती दारात उभी, चौकटीला धरून. केस विस्कटलेले, पायांत चपलासुद्धा नाहीत.

"आईचा तवा आहे ना तो?"

"तूच तर धाकटीला द्यायला सांगितलास."

"असा? असा चिकटवून? तिने जन्मभर ऐकवलं असतं मला!"

खरं सांग, ऐकवलं असतंस ना?

माझ्या हातातलं उलथणं हिसकावून तिने स्टूल ओढलं आणि बसल्या बसल्या खरवडायला लागली. निघालं ते ऑम्लेट नव्हतं, चुरा होता. तिने चिमूटभर तोंडात टाकला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी नवरदेव होतो तेव्हाची आठवण झाली.

"मीठ कुणी घालायचं? शेजाऱ्यांनी?"

मग वरून मीठ भुरभुरलं आणि पावासोबत तिने अर्ध्याहून जास्त खाल्लं. नावं ठेवत ठेवत. कांदा जाड, पाव शिळा, अंडी नीट फेटलेली नाहीत. मी बेसिनकडे तोंड करून भांडी विसळत होतो. नळ जरा मोठाच सोडला होता.

खाऊन झाल्यावर तिने तवा उजेडात धरला. म्हणाली, "पार बिघडवलात. आता महिनाभर रोज तेल पाजावं लागेल याला, तेव्हा वळणावर येईल. ते मी करीन, तुम्ही हात लावायचा नाही."

"किती दिवस म्हणालीस?"

"कान गेले का? महिनाभर!"

कान शाबूत आहेत माझे. मला पुन्हा ऐकायचं होतं.

"मग धाकटीला काय कळवू?"

"म्हणावं, बस वाट बघत."

आता ती खिडकीपाशी खुर्चीत बसलीय, मांडीवर तवा, हातात तेलाचं फडकं. मी दुपारी काय शिजवणार, याची उलटतपासणी चाललीय. तेव्हा आवरतो. सवड काढून ये. मात्र येताना तुझा तवा तूच घेऊन ये.

तुला काहीही न पाठवणारा,
तुझा भावजी