प्रस्ताव तुमच्या नावाने

बाबा,

काल दुपारी जेवताना ह्यांनी, म्हणजे तुमच्या मुलाने, मला सुनावलं, "तू अगदी बाबांवर गेलीस." इतक्या वर्षांच्या संसारात पुष्कळ काही ऐकून झालंय, पण सून सासऱ्यावर गेल्याचं पहिल्यांदाच ऐकलं. हसायची मात्र सोय नव्हती, कारण ताटात अर्धी पोळी टाकून हे उठले होते. झालं असं, की तुमच्या नातवाच्या लग्नाला पाच महिने झाले. तुम्ही गेलात तेव्हा तो पहिलीत होता आणि तुमच्या चष्म्याच्या डबीत खडू लपवायचा; आता त्याला दाढी आहे आणि एक गोड बायको आहे. दोघं स्वयंपाकघरात खिदळत असतात आणि मी पाणी प्यायला आत गेले की आवाज बंद होतो. पोरगी लगेच म्हणते, "आई, काही पाहिजे होतं का? मी देते ना, तुम्ही बसा." तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नाही. पण तो चेहरा मी ओळखते, तेविसाव्या वर्षी मी तोच घेऊन तुमच्या घरात वावरत होते. म्हणून काल मीच जाहीर केलं, की सकाळी सगळ्यांचे डबे करणं मला आता होत नाही, तुम्ही दोघं ऑफिसजवळ घर बघा. ह्यांचा पारा चढला. "पाच महिन्यांत पोरांना बाहेर काढतेस? बाबांनी आपल्याला हेच केलं होतं!" बाबांनी आम्हाला घराबाहेर काढलं, हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल त्याची गणती नाही. कधी थट्टेत, पाहुण्यांसमोर, कधी अगदी कडवटपणे. दर वेळी मी गप्प बसले. का बसले, ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मी टी. टी. नगरच्या तुमच्या क्वार्टरमध्ये आले ती पुण्याहून, दोन सुटकेसा, एक बी.एस्सी.ची पदवी आणि भोपाळबद्दल संपूर्ण अज्ञान घेऊन. सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली होती. तुम्ही आणि हे, दोन कमी बोलणारी पुरुषमाणसं, त्या दोन खोल्यांत राहत होतात. ह्यांच्या मंडीदीपच्या कारखान्यातल्या पाळ्या आणि तुमचं ऑफिस यांचा मेळ बसायचा नाही, म्हणून तुम्ही घरात चक्क नोटशीट चालू केली होती. नागपूरची कचेरी भोपाळला हलली तेव्हा तिच्याबरोबर आलेले कारकून तुम्ही; लेखी नसेल ते तुमच्या दृष्टीने घडलेलंच नसायचं. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला फाईल, तिच्यात कागद. वर विषय, खाली टीप, सही, तिच्याखाली दुसऱ्याची टीप. 'विषय: गॅस. सिलिंडर हलका लागतो. नंबर लावावा असे सुचवतो.' खाली ह्यांचं, 'मान्य. आज लावतो.' मी वाचते आहे आणि तोंडावर पदर दाबून हसते आहे. तिसऱ्या दिवशी माझ्या नावाने टीप आली. 'विषय: चहा. सूनबाईंना चहात आलं चालतं की वेलदोडा, याबाबत अभिप्राय मिळावा.' मी आपलं सुनेला शोभेल असं लिहिलं, 'दोन्ही चालेल.' संध्याकाळी त्याखाली लाल शाई: 'अभिप्राय संदिग्ध आहे. फेरविचारासाठी परत.' बाबा, सासरी मला पहिल्यांदा खळखळून हसू आलं ते त्या लाल शाईवर. मी 'आलं' लिहून सही ठोकली, आणि त्यानंतर तुम्ही केलेल्या कुठल्याही चहात मला वेलदोडा सापडला नाही.

नव्या नवऱ्याचंही रोज काहीतरी नवीन कळत होतं. कारखान्यात मोठाली यंत्रं हाताळणारा हा माणूस पालीला भितो. भाजीला 'सब्जी' म्हणतो, अंघोळीला जाताना 'नहाऊन येतो' म्हणतो. मी त्यांची भाषा सुधारायला निघाले, आणि दोन महिन्यांत मीच आईला फोनवर "इथे फार गरमी होऊन राहिली आहे" असं म्हणून मोकळी झाले. पलीकडून आईने विचारलं, "कोण बोलतंय?" या सगळ्यावर आम्हाला हसायचं असायचं, पण हसायला तुम्ही घराबाहेर असावं लागायचं. दोन खोल्यांमध्ये नुसता पडदा. आतली खोली आम्हाला देऊन तुम्ही खाट व्हरांड्यात टाकली होती. फाटकापासून खोकत यायचात, म्हणजे आम्ही सावध व्हावं. मी उठायच्या आत कणीक मळलेली, कुकर लावलेला. करपलेली पोळी निघाली की ती हमखास तुमच्या ताटात जायची, आणि माझ्या खारट आमटीवर फाईलमध्ये कधी टीप पडली नाही. अशा माणसावर रागावता येत नाही. मैत्रिणींच्या पत्रांत सासरच्या जाचाची वर्णनं यायची आणि माझ्याकडे लिहायला काही नसायचं. मला फक्त असं एक घर हवं होतं, जिथे आमटी खारट झाली तर नवरा तोंडावर तसं म्हणेल, मी रुसून बसेन, तो समजूत काढेल, आणि पलीकडे कुणी श्वास रोखून बसलेलं नसेल.

सहाव्या महिन्यातली ती दुपार. हे सुट्टीवर, मी नुकतीच न्हाऊन बसलेली, आणि हे माझ्या केसांतला गुंता सोडवायच्या नावाखाली तो वाढवत होते. तुम्ही ऑफिसातून लवकर आलात. घसा बसला होता म्हणून त्या दिवशी खोकला नाहीत. पडदा सरकला आणि लगेच पडला. मग मला खिडकीतून दिसलं, तुम्ही बाहेर कडुनिंबाखाली सायकलला टेकून उभे आहात. दोन तास उभे होतात. मला लाज वाटली आणि, खरं सांगते, तुमचा रागही आला. दुसऱ्या दिवशी मी फाईल काढली आणि लिहिलं: 'विषय: वेगळं बिऱ्हाड. मला इथे मोकळं वाटत नाही. आम्हा दोघांनाच राहायचं आहे. ह्यांना सांगितलं तर ते तुम्हाला सोडून कधीच निघणार नाहीत. तुम्हीच काहीतरी करा.' खाली सही. लिहून भाजीला गेले आणि अर्ध्या वाटेवरूनच वळले. कागद काढून टाकावा म्हणून धावत परत आले, तर तुमची सायकल दारात उभी होती.

मी दारामागे जाऊन पाहिलं. फाईलमध्ये माझा कागद नव्हता. साधी पोस्टाची पावतीही न फाडणारे तुम्ही, तुम्ही तो नाहीसा केला होता, आणि त्याच्या जागी तुमच्या वळणदार अक्षरातला नवा कागद होता. 'विषय: स्वतंत्र निवास. मला अनेक वर्षांची एकांताची सवय आहे. घरातील वर्दळीने झोप होत नाही. तरी चिरंजीवांनी सोयीचे घर पाहून वेगळे राहावे, असा माझा प्रस्ताव आहे.' प्रस्ताव तुमचा, सही तुमची. हे पाळीवरून आले, वाचलं, आणि बुटांसकट तुमच्यासमोर उभे राहिले.

"बाबा, आम्ही जड झालो का तुम्हाला?"

"जड नाही रे बेटा. आदत नाही राहिली मला. झोप नाही होऊन राहिली माझी."

"मग तोंडाने सांगायचं होतं. फाईलमध्ये?"

"लेखी बरं असते," तुम्ही म्हणालात, आणि वर्तमानपत्र उघडलंत. मी ताटं घेऊन दारात उभी होते. मी तेव्हा एक शब्द बोलले असते तर पुढची सगळी वर्षं वेगळी गेली असती. तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत, बहुधा मी बोलू नये म्हणूनच.

आम्हाला घर मिळालं ते कोलार रोडला; तिथे तेव्हा शेतं होती. टेम्पोवाला म्हणाला, "भाभीजी, इधर रहता कौन है?" आम्ही राहायला लागलो. पलंग नव्हता, पंखा घरमालकाचा, तो मनात येईल तेव्हा फिरायचा. पहिल्या सणाला पुरणपोळी करायला गेले तर पुरण इतकं सैल झालं, की आम्ही ते वाटीत घेऊन चमच्याने खाल्लं. दुसऱ्याच आठवड्यात ह्यांनी तोंडावर सांगितलं, "आमटी खारट आहे," आणि मी अर्धा दिवस रुसले. किती छान रुसता आलं! समजूत काढायला हे कोपऱ्यावरून शेव घातलेले पोहे आणि त्यांच्याबरोबर जिलबी घेऊन आले. पोह्यांशी जिलबी, हे पुण्याच्या माणसाला पटवायला इतकी वर्षं कमी पडतील, पण मला एका घासात पटलं. थंडीत गच्चीवर मटार सोलायला बसायचो आणि खाली आणेपर्यंत भाजीपुरते उरायचे नाहीत. आणि एके सकाळी न्हाणीघरातून भसाड्या आवाजात गाणं ऐकू आलं. तुमचा मुलगा गातो, बाबा! टी. टी. नगरला सहा महिन्यांत हे कधी गुणगुणलेसुद्धा नव्हते. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं आणि मला तुमची आठवण आली. हे सुख तुम्ही दिलं होतं. आईवडिलांनी कन्यादान केलं, सत्यनारायण झाला, आहेर आले, पण माझा संसार खऱ्या अर्थाने तुम्ही मांडून दिलात. तेव्हा ते म्हणायला हवं होतं. आज म्हणते आहे.

रविवारी तुम्ही यायचात, वळणापासूनच सायकलची घंटी वाजवत. पिशवीत पेरू. दाराजवळच्याच खुर्चीवर बसायचात आणि बाराच्या आत उठायचात, "ऑफिसचं काम आहे." रविवारी! एकदा मी पानं घेतलेली असताना तुम्ही पायात चपला घातल्यात, तेव्हा मात्र मी ओरडलेच, "बसा म्हणते ना! केव्हापासून राबतेय मी!" तुम्ही चपला काढून मुकाट्याने बसलात, आणि इतके खूश दिसलात की मला कळेना, हे रागावणं लागलं की आवडलं. पुढे मुलगा झाला, तुम्ही निवृत्त झालात, क्वार्टर सोडायची वेळ आली. कोऱ्या कागदावर 'विषय: आजोबांचे स्थलांतर' लिहून तो मीच तुमच्याकडे घेऊन आले. तुम्ही दोनदा वाचलात आणि खाली 'मान्य' लिहिलंत. नंतरची सहा वर्षं तुम्ही आमच्यात राहिलात, मी तुमच्यावर मनसोक्त रागावले, तुम्ही माझ्या आमटीला नावं ठेवलीत, आणि मला वाटत राहिलं, की फिटलं सगळं. पण ह्यांच्या मनात वेगळाच हिशेब बसला होता. आम्हाला नको म्हणून काढलं, आणि क्वार्टर गेल्यावर आले. तुमच्या आजारपणात ह्यांनी काही कमी केलं नाही, पण जवळ बसून बोललेही नाहीत. हे मला दिसत होतं. मी तरीही गप्प राहिले, कारण मी नवऱ्याच्या नजरेतून उतरेन ही भीती होती. आधी भीती होती, मग सवय झाली, आणि मग तुम्हीच राहिला नाहीत.

काल ते ताट तसंच राहिलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, न केलेल्या गोष्टीचा दोष घेऊन आपल्याच माणसासमोर बसणं कसं असतं. मला एका दुपारचं जड झालं. तुम्ही नऊ वर्षं काढलीत.

म्हणून आज सकाळी, चहा झाल्यावर, मी ह्यांना सांगितलं. "बाबांनी आपल्याला काढलं नव्हतं. मी मागितलं होतं. त्यांनी माझा कागद फाडून आपल्या नावाने लिहिला." सुनेबद्दल मी अक्षर काढलं नाही, तो प्रस्ताव माझाच राहू दे. हे रागावतील असं वाटलं होतं. हे हातातला रिकामा कप फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी त्यांना एकदा विचारलं होतं. क्वार्टर गेलं म्हणूनच आलात ना, असं. तोंडावर." मला हे माहीत नव्हतं, बाबा. एका घरात राहून तुम्ही मला हेही कळू दिलं नाहीत. "काय म्हणाले ते?" मी विचारलं. "हो म्हणाले," हे म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. अडुसष्टाव्या वर्षी माणूस बापासाठी रडतो तेव्हा काय करायचं असतं, मला सुचेना. मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

या पत्राला जावक क्रमांक पडणार नाही हे तुमच्यासारख्याला सांगायला नको. एकच गोष्ट लिहायची राहिली. डोळे पुसून झाल्यावर ह्यांनी मला विचारलं, "आपण टी. टी. नगरहून निघालो ना, तेव्हा मी रागात होतो. सामान धरून पाठ फिरवून बसलो होतो, वळून पाहिलं नाही. तू तर पाहिलं असशील. कसे दिसत होते बाबा?"

"हसत होते," मी सांगितलं. "हात हलवत होते, वळण येईपर्यंत." ह्यांना बरं वाटलं.

बाबा, तुम्ही कसे दिसत होतात मला माहीत नाही. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, आणि इतक्या आनंदात होते, की मागे वळून पाहायचं माझ्या लक्षातच आलं नाही.