किती इंची बार

दि. ६ फेब्रुवारी

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत. तुमच्या लेकीची तब्येत उत्तम आहे, भूक जरा वाढली आहे. तिनं स्वतः लिहिलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. दोन वर्षांपूर्वी तुमच्या दोघींचं जे काही बिनसलं ते ती अजून मनात धरून आहे. मला त्यात पडायचं नाही. आमच्या घरात पत्रं लिहायचं खातं माझ्याकडे आहे, एवढंच समजा.

पत्रास कारण की, मी शाळेतून वर्षभराची रजा घेतली आहे. भूमिती शिकवून शिकवून मान धरली. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत काहीतरी करा. म्हणून झाडं तोडणाऱ्या एका टोळीत नाव घातलं. तिथे ज्यानं त्यानं आपापला चेनसॉ आणायचा असतो. सासूबाईंचं चेनसॉचं दुकान असताना मी बाहेर कुठे जाणार? तरी चोवीस इंची बारचा एक पाठवावा. बार म्हणजे ज्या पट्टीवरून चेन फिरते ती पट्टी, हे मला परवाच कळलं. टोळीत सगळ्यांकडे चोवीसच आहे. मुकादमाचं म्हणणं असं की त्याहून आखूड बारनं फार तर भाजी चिरावी.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

आपला,
जावई


दि. १२ फेब्रुवारी

चि. जावईबापूंस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मान धरलेल्या माणसाला सहा-सात किलोचं यंत्र उचलायला सांगणारे डॉक्टर मी अजून पाहिले नाहीत. त्यांचा पत्ता कळवा.

बार माणसाच्या हौसेवर ठरत नाही, झाडाच्या जाडीवर ठरतो. खोडापेक्षा चार बोटं जास्त असला की पुरे. त्याहून लांब बार म्हणजे उगाच वजन, धार लावायला जास्त दात, आणि टोक कुठे जातंय ते आपल्याला दिसत नाही. तुमच्या मुकादमाला मी ओळखत नाही, पण अशा दहा मुकादमांचे वाकडे झालेले बार माझ्या मागच्या खोलीत पडले आहेत.

तेव्हा एक करा. तुम्हाला जी झाडं तोडायची आहेत त्यातल्या शंभरांना छातीच्या उंचीवर फीत लावा आणि घेर कळवा. भागाकार मी करीन, तुम्ही दशांश काढत बसाल. सोबत पँटचं माप द्या. ही पँट साधी नसते, चेन लागली तर आतले धागे चेनीत गुंततात आणि ती थांबते. कंबर, लांबी आणि बुटाचा नंबर. तुम्ही आमच्या दारातून वाकून येता, हे धरून दोन इंच जास्त बार द्यावा असं माझ्या मनात आहे. उंच माणसाची पाठ त्यानं वाचते.

लेकीला विचारलं म्हणून सांगा. नको म्हणाली तर सांगू नका.

तुमची,
आई


दि. २० फेब्रुवारी

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

शंभर झाडं मोजली. तक्ता सोबत आहे. भागाकार केल्याशिवाय राहवलं नाही. त्र्याऐंशी झाडांची जाडी पस्तीस सेंटीमीटरच्या आत आहे. चौदा झाडं त्याहून थोडी जाड. कडेला तीन जुनी झाडं आहेत, ती सत्तरच्या घरात जातात. सरासरी काढली, पण त्या तीन झाडांमुळे ती बिघडते. फीत लावताना मुकादमानं हटकलं, तुम्ही कोण म्हणून. मी सांगितलं मग.

मापं पुढीलप्रमाणे: कंबर अठ्ठावीस, लांबी छत्तीस, बूट पाच नंबर. बार ठरवताना माझी उंची धरू नये ही विनंती.

आपली लेक ठीक आहे. तिला विचारलं म्हणून सांगितलं. तिनं ते दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

आपला,
जावई


दि. २७ फेब्रुवारी

चि. जावईबापूंस,
अ. उ. आ.

खोकं पाठवलं आहे. आत पन्नास सीसीचा चेनसॉ, पंधरा इंची बार, दोन चेन, कानस, हेल्मेट, पँट आणि बूट. लग्नात तुमची पँट मीच शिवून घेतली होती, तिची लांबी बेचाळीस होती. भूमिती शिकवून माणूस सहा इंच आखडतो हे मला नवीन आहे. तुमचं मागचं पत्र सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर होतं, तारीख याच महिन्याची. रजेवरची माणसं परीक्षाही घेतात असं दिसतं. मागितलेल्या मापाचंच सगळं पाठवलं आहे.

हा चेनसॉ जो कोणी चालवेल त्यानं एक गोष्ट लक्षात ठेवायची. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागू द्यायचा नाही. तिथे चेन शिरत नाही, अडते, आणि अख्खं यंत्र उलटून तोंडावर येतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत येतं. हे दोनदा वाचून दाखवा. स्वतःला, असं म्हणते.

पोचल्याचं कळवावं, म्हणजे मला झोप लागेल.

तुमची,
आई


दि. ३ एप्रिल

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, क्षमा असावी. पंधराचा बार उत्तम चालला. पहिल्या आठवड्यात टोळीतले हसले. तिसऱ्या आठवड्यात दोघांनी मुकादमाच्या नकळत पंधराचा भाव विचारला. दिवसभरात झाडं जास्त होतात आणि संध्याकाळी हात वर उचलता येतात, हे त्यांच्या लक्षात आलं.

परवा कडेच्या तीन जुन्या झाडांची पाळी आली. मुकादम म्हणाला, तिथे तुझं खेळणं पुरणार नाही, आणि आपला चोवीसचा हातात दिला. झाडामागे झुडपात एक दुसरं खोड होतं. टोक त्याला लागलं. तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच झालं. ब्रेक लागला म्हणून चेन थांबली, पण हेल्मेटची जाळी फाटली. कपाळाला चार टाके पडले. डोळा शाबूत आहे. ताप नाही, जेवण नीट आहे, रात्री मात्र दचकून उठणं होतं.

पंधराची चेन हल्ली वाकडी कापते, एका बाजूला ओढते. ती सोबत पाठवली आहे. पाहून सरळ करून द्यावी.

काळजी नसावी, असं लिहायचं असतं म्हणून लिहितो.

आपला,
जावई


दि. ८ एप्रिल

चि. सौ. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

जावयांना आता मधून बाजूला होऊ दे. भला माणूस आहे, पण त्यांना खोटं बोलता येत नाही, आणि या वयात ते शिकवू नकोस.

मला संशय पँटच्या मापावरूनच आला होता. चेन पाहिल्यावर शंका उरली नाही. एका बाजूचे दात घासून आखूड, दुसऱ्या बाजूचे लांब. उजव्या हातानं कानस चालवणाऱ्याचं नेमकं उलटं होतं. माझ्या टेबलावर अशी चेन फक्त तूच आणून ठेवायचीस, डावखुरी म्हणून. चेन सरळ केली आहे. यापुढे कमजोर बाजूला कानशीचे दोन हात जास्त मार.

कडेच्या झाडांना चोवीस लागत नाही. तुझ्याच यंत्रावर अठराचा बार बसतो, इंजिन तेवढं ओढतं. आधी आजूबाजूचं झुडूप साफ कर, मग पडायच्या बाजूला खाच घे, मागून दोन्ही अंगांनी काप, मध्ये बिजागरीएवढं लाकूड राख आणि पाचर ठोक. सत्तरचं झाड त्यात आरामात बसतं.

आता जे सांगायचं ते. तुझे बाबा गेले त्या दिवशी सकाळी ते दुकानात आले होते. त्यांचा बार झिजला होता. सोळा मागितला. सोळा संपले होते, गुरुवारी यायचे होते. मी म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, चोवीस लावून न्या. ते कुरकुरले. मी चढवून दिला, नट मीच आवळले. दुपारी टोक मागच्या खोडाला लागलं. मी सगळ्यांना सांगत आले की हा धंदाच वाईट. तुलाही दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात तेच सांगितलं, की मी जिवंत असेपर्यंत तू यंत्राला हात लावायचा नाहीस. बारचं मात्र अकरा वर्षांत कोणाजवळ बोलले नाही. जावयांचं पहिलं पत्र आलं, त्यात चोवीस वाचलं, आणि दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं.

टाके कधी काढायचे ते कळव. रागात असशील तरी कळव.

तुझी,
आई


दि. १४ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न.

टाके गुरुवारी निघाले. ह्यांनी रजा घेतलेली नाही. पहिल्या पत्रात चोवीस मीच लिहायला लावला होता, मुकादमापुढे मान खाली जाऊ नये म्हणून. तू मापं मागितलीस ते बरं झालं.

बाबांच्या बारचं मला ठाऊक आहे. मी तेव्हा दुकानातच होते, एकोणीस वर्षांची. तू विसरलीस. चोवीसचे बार सगळ्यात वरच्या फळीवर असायचे आणि तुझा हात तिथे पोचत नव्हता. तू मला हाक मारलीस. मी स्टुलावर चढून तो काढला, फडक्यानं पुसला आणि तुझ्या हातात दिला. बाबा म्हणाले, चिमी, याहून लहान नाही का. मी म्हटलं, नाही. नीट शोधलं नव्हतं.

मला वाटायचं, तुला हे आठवतं. स्वयंपाकघरात तू यंत्राला हात लावू नकोस म्हणालीस तेव्हा मला ऐकू आलं ते असं, की माझ्या हातानं एकदा झालं तेवढं पुरे. त्यानंतर तुला लिहायला शब्दच सुचेनात. दोन वर्षं ह्यांना पुढे केलं.

परवा तुझं पत्र चार वेळा वाचलं. त्यात माझा हात कुठेच नाही. तू सगळं स्वतःवर घेऊन बसलीस आणि मी इकडे तेच करत बसले.

कामावर परत जाणार आहे, हे आत्ताच सांगते. त्यावर भांडायचं असेल तर समोरासमोर भांडू. रविवारी सकाळच्या बसनं येते. दुकानाला सुट्टी असते ते माहीत आहे, मागच्या दारानं येईन. अठराचा बार वरच्या फळीवर असेल तर तिथेच राहू दे. मी आले की काढीन.

माया आहे तशी राहू दे.

तुझी,
चिमी