दारापासून देव्हाऱ्यापर्यंत

पेंडल हिल
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

ती. यतिनदादास,

मयूराचा नमस्कार. तू आणि दीप्तीवहिनी मजेत ना? मी ठीक. हे पत्र फोनला सांगून लिहितेय आणि तो मला परत वाचून दाखवतोय, त्यामुळे चुका त्याच्या, उद्धटपणा माझा. मेसेज तू वाचून सोडून देशील. हे शेजारची चित्रलेखा प्रिंट काढून पोस्टात टाकेल, आणि घरी आलेलं पत्र वहिनी तुला फेकू देणार नाही.

हिवाळा संपत आला तरी थंडी अजून हटत नाही. काम तीन दिवस घरून, दोन दिवस ऑफिस. मिलोचं वजन वाढलं म्हणून ट्रेनरने त्याचं खाणं कमी केलंय, तेव्हापासून स्वारी माझ्यावर रुसलेली असते. बघ, त्याचं नाव आलंच. टाळणार होते.

काल मिलोला घेऊन स्टेशनजवळच्या एका दुकानात मोदकाची पिठी आणायला गेले. मालक म्हणाला, "मॅडमजी, कुत्ता बाहर." मी कार्ड काढलं. हा गाइड डॉग आहे, याला अडवणं बेकायदेशीर आहे, असं शांतपणे सांगितलं. तो बिचारा वरमला. "सॉरी सॉरी, नो वरीज" म्हणत पिठी स्वतः हातात आणून दिली.

जिंकले. आणि बाहेर बाकावर बसून रडले. कारण हेच वाक्य गेल्या गणपतीत मी तुझ्या दारात उभी राहून बोलले होते.

वहिनी म्हणाली होती, "मयूरा, सोवळ्यातला स्वयंपाक आहे गं. त्याला गॅरेजमध्ये ठेवूया का?" ठेवूया का, असं विचारलं होतं तिने. आणि मी वीस पाहुण्यांसमोर कायदा काढला. तक्रार करीन म्हणाले. तू एवढंच म्हणालास, "मग कर." मी डोक्यात राख घालून निघून आले, प्रसादही न घेता.

आता खरं सांगते. दुसऱ्याच आठवड्यात मी ट्रेनरला विचारलं. ती म्हणाली, दुकान, ट्रेन, टॅक्सी, हॉटेल, सगळीकडे तुझा हक्क आहे. पण कुणाचं राहतं घर हे त्याचं स्वतःचं. तिथे त्याने 'ये' म्हणावं लागतं. म्हणजे मी चुकले होते, आणि हे मला जवळजवळ वर्षभर माहीत आहे. कळवलं नाही. माझं नाक मोठं, तुला ठाऊकच आहे.

गॅरेजचं मात्र अजूनही ऐकणार नाही, दादा. तो तिकडे रंगाच्या डब्यांशेजारी कुईकुई करतोय आणि मी टाळ्या वाजवत आरती म्हणतेय, हे मला जमणार नाही.

आणखी एक आहे. ते कायद्यातलं नाही.

माझी नजर गेली तेव्हा तीन वर्षं तू शिफ्ट बदलून मला युनिव्हर्सिटीला सोडायचास. तुझं कोपर धरून चालताना पायरी आली की तू आधी श्वास आत घ्यायचास, मग सांगायचास. मला श्वासावरूनच कळायचं, सांगायची गरजच नसायची. मिलो घरी आला त्या दिवशी तू म्हणालास, "चला, माझी ड्युटी संपली." सगळे हसले. तू हसत नव्हतास, हे मला तेव्हाच ऐकू आलं होतं. मला तुझं आयुष्य मोकळं करायचं होतं रे. तुला वाटलं, मी तुला सोडलं.

मिलो मला पेंडल हिल-गिरावीनमधल्या कुठल्याही दारापर्यंत नेतो. पण पायरीआधीचा तो श्वास मला रोज आठवतो. तुझी फार आठवण येते.

सत्तावीसला, गणपतीच्या दिवशी, सकाळी दहाला मी येईन. वहिनीला विचार, दाराच्या आत, चपलांच्या रॅकजवळ मिलोची चटई टाकली तर चालेल का. त्याचा कामाचा पट्टा, म्हणजे हार्नेस काढला की तो कामावर नसतो, चटईवरून हलत नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं, सरळ कायदाच काढला. तिला नको असेल तर बाहेरूनच नमस्कार करून परत जाईन. पर्समधलं कार्ड यावेळी बाहेर येणार नाही.

चालणार असेल, तर एक अडचण आहे. हार्नेस काढल्यावर दारापासून देव्हाऱ्यापर्यंत मला कुणीतरी न्यावं लागेल.

उंबऱ्याबाहेर, हात पुढे करून उभी असलेली,
तुझी मयूरा