बाथरूममधलं न घासलेलं हँडल

४ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाई आमच्याकडे आहेत. आंघोळीला ही त्यांना दंडाला धरून उठवते-बसवते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. काल हिला म्हणत होत्या, लेकीने आंघोळ घालायची वेळ आली, म्हणजे संपलंच गं माझं.
ऐकवेना. म्हणून भिंतीला स्टीलचं हँडल बसवतोय. ही म्हणाली, ड्रिलवाल्याला बोलावू. हसूच आलं. कारखान्यात इतकी वर्षं मी लोकांना धातू चिकटवायला शिकवतो, आणि माझ्याच घरात भिंतीला भोकं?
सगळं पद्धतशीर करणार. हँडलची पाठ सँडपेपरने घासायची, थिनरने पुसायची, वर पाणी ओतून बघायचं. पाणी सपाट पसरलं तर धातू स्वच्छ. थेंब थेंब झाले तर तेल शिल्लक, पुन्हा घासा. मग घासलेल्या जागेला हात न लावता गोंद. यात तडजोड नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
बसवलं! झकास दिसतंय.
सँडपेपर सापडला नाही. म्हणजे ड्रॉवर उघडायचा राहिला. तिकडे मॅच सुरू झाली होती. शिवाय हँडल कोरं करकरीत, त्यावर ओरखडे कशाला? रुमालाने पुसलं. पाणी ओतलं तर थेंब झाले, पण आमचं पाणीच जड आहे. घरचं काम आहे, विमान नाही बनवायचंय.

५ फेब्रुवारी, सोमवार
कारखान्यात नवी बॅच. सांगितलं, चकचकीत दिसतं म्हणजे स्वच्छ असतं असं नाही. एका मुलीने विचारलं, सर, फारच घाई असेल आणि घासणं गाळलं तर? मी जो भडकलो! म्हटलं, त्या जोडावर कुणाचा तरी जीव असतो बाई. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.
घरी आलो तर सासूबाईंचा चेहरा फुललेला. आज एकटीने आंघोळ केली म्हणे. आतून कडी लावून! बहिणीला फोन करून सांगत होत्या, आमचे जावईबापू म्हणजे काय विचारूच नकोस.
जेवताना दुसरी पोळी नको म्हटलं. आमटी तिखट होती बहुतेक.

७ फेब्रुवारी, बुधवार
हँडल ओढून बघावं म्हटलं. एका बोटाने ओढलं. हललं नाही. मग वाटलं, जोरात ओढलं तर उगाच जोड ढिला व्हायचा. म्हणून ओढलं नाही.
रविवारी काढून नीट बसवणार. नक्की.

८ फेब्रुवारी, गुरुवार
सासूबाईंना सहज म्हणून सांगितलं, आई, हँडल फक्त आधाराला धरा, भार टाकू नका. त्या म्हणाल्या, अहो, भार नाही टाकायचा तर आधार कसला? मी ततपप करून सटकलो.
त्या आंघोळीला गेल्या की मी दाराबाहेर उभा राहतो. पडल्याच तर पटकन... पण आतून कडी असते, हे आज लक्षात आलं. हिने विचारलं, माझी आई आंघोळ करतेय आणि तू इथे काय करतोयस? म्हटलं, सँडपेपर शोधतोय. म्हणाली, ड्रॉवरमध्ये आहे, अगदी वर.
कडी लावू नका म्हणून सांगायला हवं. पण का, असं विचारलं तर?

११ फेब्रुवारी, रविवार
सकाळीच सँडपेपर, थिनर, हातमोजे काढून ठेवले. इतक्यात सासूबाईंची बहीण आली. खास हँडल बघायला! आता यांच्यादेखत काढायचं कसं? मावशींनी ते दोन्ही हातांनी धरून गदागदा ओढलं. माझा जीव टांगणीला. पण हललं नाही!
बघा. मी उगाच घाबरत होतो. शेवटी अनुभव काही फुकट जात नाही. सामान परत ड्रॉवरमध्ये.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
निघालं.
त्या स्टुलावरून उठत होत्या. नशीब, परत स्टुलावरच बसल्या. लागलं नाही. आतून कशीबशी कडी काढली त्यांनी. पांढऱ्याफटक पडल्या होत्या, हातात हँडल. मला बघून पहिलं वाक्य काय, तर माफ करा जावईबापू, तुमची एवढी चांगली वस्तू मी मोडली. जोर जास्तच लागला माझा.
तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, असू दे आई, होतं असं.
असू दे म्हटलं मी त्यांना! माफ केलं!
हँडलची पाठ बघितली. सगळा गोंद भिंतीवर, आणि स्टील दुकानातून आणल्यासारखं कोरं. याचा अर्थ एकच. गोंदाचा दोष नाही, धातू घासलाच नव्हता. असे नमुने मी वर्गात दाखवतो. हे मात्र बॅगेत तळाशी घातलं.

१४ फेब्रुवारी, बुधवार
आंघोळीला पुन्हा हिला हाक. हल्ली थंडी आहे, रोज कशाला आंघोळ, असंही म्हणाल्या. थंडी कुठे आहे?

१५ फेब्रुवारी, गुरुवार
सगळं सांगून टाकलं. घासलं नाही, रुमालाने पुसलं, थेंब दिसले तरी दुर्लक्ष केलं, मॅच बघायची होती. एका दमात. वाटलं, आता चार शब्द ऐकवतील. ऐकवावेतच.
सासूबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, किती मोठं मन हो तुमचं! लगेच बहिणीला फोन. माझ्या मनाला लागू नये म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेतायत गं.
मी म्हटलं, अहो आई, खरंच! त्या नुसत्या हसल्या. ही समोरच बसली होती. म्हणाली, मला पटलंय तुझं. आता आईला पटव.

१८ फेब्रुवारी, रविवार
नवं हँडल आणलं. दंड भरून येईपर्यंत घासलं. पुसलं. पाणी ओतलं, सपाट पसरलं. हातमोजे घालून गोंद लावला. दिवसभर कुणाला बाथरूममध्ये पाऊल टाकू दिलं नाही. मॅच होती, बघितली नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी सासूबाईंसमोर हँडलला अक्षरशः लोंबकळून दाखवलं. म्हटलं, आई, आता हत्ती लटकला तरी निघणार नाही. तुम्ही बिनधास्त धरा.
त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, हँडलचं काही नाही हो जावईबापू, ते तेव्हाही चांगलंच होतं. माझ्याच हातांचा भरवसा राहिला नाही मला.
आणि हिला हाक मारली.