राहिलेला एक आटा

लिहून ठेवणार मी, वय वर्षे सदुसष्ट, पेशा गणिताची शिक्षिका (आता निवृत्त, पण चूक दिसली की हात अजून लाल पेनाकडे जातो), राहणार पाण्याच्या टाकीसमोरच्या बैठ्या घरात. मी पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला. मीही त्यांना सतराचा पाढा म्हणायला लावला. आठावर अडले, पण एकंदरीत शुद्धीत वाटले. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. करू पाहणारे दोघे आहेत, त्यांचा समाचार खाली घेतलेला आहे. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र असून त्यात एकूण आठ कलमे आहेत.

कलम १. घर. दोन खोल्या, मागे एक वेगळी खोली, अंगणात एक नळ. हे घर बाबांनी हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावे केले. बाबा नगरपालिकेत व्हॉल्वमन होते. छत्तीस वर्षे रोज पहाटे कंबरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे, रस्त्यातल्या चेंबरची झाकणे उचलायची, चावी फिरवून एकेका गल्लीला पाणी सोडायचे आणि वेळ संपली की बंद करायचे. कोपऱ्यावरच्या लुळ्या पडलेल्या म्हातारीचा पिंप स्वतः भरून द्यायचे. आमच्या नळाचा नंबर शेवटचा. आई म्हणायची, "अहो, आमच्या नळाची सेवा कधी करणार?" त्यावर बाबांचे ठरलेले उत्तर, "आपण टाकीसमोर राहतो. आपल्याला कसली घाई?"

हे घर मागायला स्मारक समितीचे अध्यक्ष आजवर चार वेळा येऊन चहा पिऊन गेले. त्यांना इथे 'सेवा-सदन' करायचे आहे. पाटीचा नमुनाही आणला होता. वर बाबांचे नाव, खाली अध्यक्षांचे, आणि अक्षरे खालची मोठी! समितीला घर नाही, घरातली खुंटीसुद्धा नाही. घर मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या व्हॉल्ववालीला द्यावे. बाबांचे काम आज तीच करते, आणि ती चढावरच्या गल्लीत जन्मली आहे. या गल्लीचा संबंध कलम ४ मध्ये कळेल.

कलम २. माझा धाकटा भाऊ. त्याला स्वतःचा तीन मजली बंगला आहे, त्यामुळे घरावर हक्क सांगून त्याने दमू नये. बाबांच्या प्रत्येक पुण्यतिथीला तो भाषण करतो, "बाबांचे बोट धरून मी पहाटे चेंबर-चेंबर हिंडलो." खोटारडा मेला! त्या वेळी तो आठ वाजेपर्यंत अंथरुणात लोळत असे आणि पाणी आले तरी तोंड धूत नसे. त्याला बाबांचे गजराचे घड्याळ द्यावे. अजून वाजते.

कलम ३. बाबांचा खाकी गणवेश. चौकात समितीने जो अर्धपुतळा उभा केला आहे, त्याला भरघोस मिशा आहेत. बाबांना आयुष्यात कधी मिशी नव्हती. चावी तर अशी छातीशी धरली आहे, जणू तान्हे मूल. खाली कोरले आहे, "नियमाचे पक्के, एका थेंबाचीही चूक नाही." गणवेश त्या पुतळ्याच्या शिल्पकाराला द्यावा, म्हणजे निदान माप तरी कळेल.

कलम ४. एक लाल-निळी पेन्सिल. मूळ मालकास, म्हणजे सदर अध्यक्षांस, परत करावी. त्यांना आठवणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांबरोबर पहाटे जात असे ती मी. चावीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. चढावरच्या गल्लीचा व्हॉल्व सव्वीस आटे उघडायचा, तितकेच आटे फिरवून बंद करायचा. उघडताना मी फुटपाथवर बसून मोठ्याने मोजायची (बंद करताना बाबा मला पुढच्या चेंबरकडे पिटाळायचे), आणि आपल्याला मोजता येते याचा मला भारी तोरा होता. मी दहा वर्षांची असताना एका सकाळी तपासणीला नवे इंजिनिअर साहेब आले, वय पंचवीस, पँटला कडक इस्त्री. त्यांच्यासमोर मिरवायला मी बंद करतानाही थांबले. बाबांनी व्हॉल्व बंद केला, चावी काढली, आणि मी ओरडले, "बाबा, एक राहिला! पंचवीसच झाले!"

साहेब म्हणाले, "शाब्बास! मुलगी हुशार आहे," आणि खिशातली पेन्सिल मला बक्षीस दिली. मी दोन दिवस ती शाळेत मिरवली. तिसऱ्या दिवशी बाबांच्या निलंबनाचा आदेश आला. तीन महिने.

मग आईने सांगितले. दिलेल्या वेळात चढावर पाणी पोचतच नसे. म्हणून बाबा रोज तो व्हॉल्व एक आटा उघडा ठेवायचे. खालच्या गल्ल्यांचे नळ बंद झाले की तेवढ्यातून पाणी हळूहळू वर चढायचे, दुपारी बाबा तो आटा फिरवून येईपर्यंत करंगळीएवढी धार चालायची आणि प्रत्येक घराची एक बादली भरायची. नऊ वर्षे हे चालले होते आणि त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरानेही कुठे ब्र काढला नव्हता. बोलली ती त्यांच्याच पोटची पोर.

बाबांना मी पकडून दिले. हे सत्तावन्न वर्षांत मी कोणाला सांगितलेले नाही. ते मला एका शब्दाने रागावले नाहीत, हेच मला फार लागले. एवढेच म्हणाले, "गणित पक्कं आहे तुझं. आता कुठे मोठ्याने म्हणायचं नाही, तेवढं शीक." तीन महिन्यांनी कामावर गेले, तेव्हा साहेब छातीवर हात बांधून शेजारी उभे होते. व्हॉल्व बंद करून बाबांनी माझ्याकडे पाहिले. "किती झाले गं?" मी पंचवीस मोजले होते. मी म्हटले, "सव्वीस." साहेबांनी वहीत सव्वीस लिहिले. गणिताच्या बाईच्या आयुष्यातले तेच एक चुकीचे उत्तर, आणि त्याचे पूर्ण गुण मी स्वतःला दिले आहेत.

कलम ५. भांडी, साड्या, पुस्तके ज्याला हवी त्याने न्यावीत. कपाटाचे दार कुरकुरते, तेल घालावे.

कलम ६. निलंबनाचा मूळ आदेश. खाली सही अध्यक्षांची, त्या काळी ठसठशीत होती. कारण असे लिहिले आहे, "कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर." समितीला बाबांची काही वस्तू हवीच असेल, तर ही घ्यावी. अट एकच. पुढच्या पुण्यतिथीला हा कागद अध्यक्षांनी स्वतः माइकवर वाचून दाखवावा आणि मग पुतळ्याखालचा मजकूर काढून तिथे हाच कोरावा. बाबांचे याहून खरे कौतुक कोणी केलेले नाही. अध्यक्ष ब्याऐंशी वर्षांचे आहेत. वाचताना दम लागला तर माझ्या भावाला उभे करावे, त्याला सवय आहे.

कलम ७. चावी. दाराआड उभी आहे, मूठ बाबांच्या हातांनी झिजली आहे. ती व्हॉल्ववालीला द्यावी. हल्ली तिला नवी हलकी चावी मिळाली आहे, पण चढावरच्या व्हॉल्वला हीच लागू पडते. कशी फिरवायची ते मी तिला शेजारी बसवून सांगितले आहे. इथे लिहीत नाही. काही गोष्टी मोठ्याने म्हणायची सवय मी दहाव्या वर्षी सोडली.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. डॉक्टर, ज्यांना सतराचा पाढा येत नाही, ते बोटांवर मोजून म्हणाले, "बाई, वर आठ कलमं म्हटलंय. इथे सातच आहेत. एक राहिलं."

व्हॉल्ववाली दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

मी म्हटले, "राहू दे. माझंच मोजण्यात चुकलं असेल." आणि सही केली.

सही: व्हॉल्वमनची मुलगी

साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. कोपऱ्यावरचा चष्मेवाला (सही, चष्मा लावून)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल

तारीख: महिन्याची सव्वीस. व्हॉल्ववाली म्हणते पंचवीस. तिचेच धरावे.