पानांना पाजलेलं पाणी

४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (दिवसभर गुडघ्याएवढ्या खुर्चीत बसून संध्याकाळी जमिनीवर आडवी होते, तोच साष्टांग समज.)

बालवर्गात पानगळीचा महिना चालू आहे. माझी एकोणीस पोरं ओंजळी भरभरून पानं आणतात, लहान-मोठी, पिवळी-तांबडी वेगळी करतात. पानावर कागद ठेवून खडू आडवा घासला की शिरा उमटतात, तेव्हा असा कल्ला होतो की शेजारच्या बाई डोकावून जातात. मागच्या महिन्यात भिजवलेल्या वाटाण्यांचे मोड तर अजून येईल त्याला दाखवतात.

रड एकच. भिंतीवरची पानं दोन दिवसांत मुरडतात आणि चुरा होतो. अठरा तारखेला मोठ्या बाई वर्ग बघणार, मग मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरणार. दोन नोकऱ्या धरून सोडल्या, पण हे काम मनापासून आवडलंय गं. तू तीस वर्षं पुस्तकं बांधलीस. पान सपाट कसं राहतं ते कळव.

तुझी खारुताई

७ ऑक्टोबर

चि. खारुताईस अ. उ. आ.

उरलेला सगळा टीपकागद सोबत पाठवते. पानाखाली एक, वर एक, त्यावर जड वजन, आणि आठ दिवस धीर. पेरलेली बी रोज उकरून बघणारी तूच, म्हणून मुद्दाम लिहिते.

माझं म्हणशील तर आजारपणानंतर हात कापतात. पुस्तकं दाबायच्या प्रेसवर चादर टाकली ती टाकलीच. जिला सुई ओवता येत नाही ती कसली बाइंडर! कागद तुझ्याकडेच बरे.

तुझी आत्या

१४ ऑक्टोबर

ती. आत्यास, सा. न.

सारं मुसळ केरात गेलं. गुरुवारी पानं दाबली, आज उघडून बघते तर गठ्ठा ओलाचिंब, पानं काळी, वर बुरशी. शुक्रवारी घरी जाताना पोरांनी आपापल्या बाटल्यांतलं पाणी त्यावर ओतलं होतं. ओरडायला तोंड उघडलं, तर सगळ्यात लहानी, जिला आम्ही मुंगी म्हणतो, पुढे येऊन म्हणाली की पानांना तहान लागली होती, वाटाण्यांना लागायची तशी. ओरडायचं राहिलं, फडकं आणून पुसायला बसले.

तुझा शेवटचा कागद घालवला, माफ कर. चार दिवसांत मोठ्या बाईंना काय दाखवू?

खारुताई

१६ ऑक्टोबर

चि. खारुताईस आशीर्वाद.

अगं वेडे, वाटाण्याचा धडा तूच दिलास आणि तो एकोणीसजणांनी लक्षात ठेवला. आणखी काय दाखवायचंय? ती पानं टाकू नकोस. माझ्या पहिल्या पुस्तकाला मी पुठ्ठा उलटा लावला होता. ज्यांच्याकडे काम शिकले त्या उस्तादांनी ते दुकानाच्या दर्शनी फळीवर ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की शिवण बघा, ही पोरगी टिकणार. त्या माणसाचे उपकार मी अजून विसरले नाही.

आत्या

२० ऑक्टोबर

ती. आत्यास, आज खरोखरचा साष्टांग.

मी राहिले! एका टेबलावर कुजलेली पानं, कोरडी पानं आणि वाटाण्याचे मोड मांडले. मोठ्या बाईंनी विचारल्यावर मुंगीनं सांगितलं की पाणी दिलं की वाटाणा उठतो, पण पडलेलं पान उठत नाही, आम्ही करून बघितलं. मोठ्या बाई त्या बुटक्या खुर्चीत बसल्या त्या अर्धा तास. (तिच्यातून उठणंही सोपं नाही म्हणा.) जाताना म्हणाल्या की पुढच्या वर्षीचे वाटाणे आत्ताच आणून ठेवा.

हे तुझ्यामुळे झालं, आत्या. खडूच्या पानांचे एकोणीस कागद पाठवते. पोरांना त्यांचं पुस्तक हवंय, आणि ते तूच बांधायचंस. सोबत सहा सुया आहेत. सगळ्या ओवलेल्या.

खारुताई

२९ ऑक्टोबर

चि. खारुताईस आणि तिच्या एकोणीस पोरांस आशीर्वाद.

पुस्तक पाठवते. सुया बघून आधी पोटभर रडले, मग प्रेसवरची चादर काढली. हात थरथरला, तिसरी शिवण वाकडी गेली. सगळं संपवून बघते तर काय, पुठ्ठा उलटा! इतकी हसले की शेजारीण धावत आली. उसवणार होते, पण राहू दिलं. पोरांना सांग, बाइंडर नवीन आहे, पण टिकेल.

देवानं मला लेक दिली नाही, पण तू आहेस, माझं काही अडत नाही. लोभ आहेच, तो मागत नाही. सहाही सुया रिकाम्या झाल्यात. सोबत धाडते, ओवून परत पाठव.

तुझी आत्या